सडक्या बोंबलांचा पंचनामा

रस्ता उंच झाला आणि आमचं घर खड्ड्यात गेलं. चिंचणीत आमच्या आळीसमोरचा रस्ता नवीन केला तेव्हा उरलेली खडी, माती, फुटक्या पाइपचे तुकडे, सगळं ठेकेदाराच्या माणसांनी बाजूच्या गटारात ढकललं. विचारलं तर म्हणाले, पावसाआधी काढतो. पाऊस आला, ते काही आले नाहीत. आषाढातल्या एका दुपारी रस्त्यावरचं पाणी गटारात न जाता सरळ आमचा उंबरा ओलांडून आत शिरलं आणि गुडघाभर काळ्या पाण्यात आईच्या बोंबलांच्या गोण्या भिजल्या.

होड्या बंद असतात तेव्हा उन्हाळ्यात कडकडीत वाळवलेला, जरा आपटला तरी मोडणारा हाच माल आई तलासरीच्या आठवडी बाजारात विकते. वडील गेल्यापासून घर त्यावरच चाललं. माझी नोकरी अगदी अलीकडची. गोण्यांची भरपाई मिळाली नाही, तर पुढच्या हंगामात ओले बोंबील विकत घ्यायला तिच्या हातात काही उरणार नव्हतं. म्हणजे तिचा धंदा बसणार होता.

तलाठ्याला फोन केला. तो म्हणाला, "पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका. हलवलंत तर मी काय लिहू?"

नाही हलवलं. भिजलेले बोंबील घरात राहू दिले की काय होतं, ते ज्याने भोगलं त्यालाच कळेल. आधी आंबूस वास, मग असा की घरात बसून जेवणं अशक्य. माशा घोंगावू लागल्या. आम्ही चूल पडवीत आणली. तलाठी आज येतो, उद्या येतो, असंच चाललं होतं. शेजारच्या काकी रोज मधल्या भिंतीवर थापा मारायच्या. एका सकाळी त्या दारातच येऊन उभ्या राहिल्या.

"वैनी, नात उलट्या करतेय माझी. आज हे फेकलं नाय, तर मीच येऊन फेकीन."

तोंड सोडलं ते मी. म्हटलं, "हात तर लावून बघा." काकींच्या अंगाखांद्यावर मी वाढले, पण तेव्हा मला त्यांचा राग आला, तलाठ्याचा आला आणि खरं सांगायचं तर आईचाही आला. ती एक शब्द बोलत नव्हती.

त्याच दुपारी तलाठी उगवला. गळ्यात तुळशीची माळ, नाकाला रुमाल. भिंतीवरची पाण्याची खूण, फुगलेलं कपाट, गाद्या, सगळं त्याने भराभर लिहिलं, गटाराचे फोटो काढले. गोण्यांपाशी मात्र थबकला.

"हे खराब झालंय कशावरून? सुक्या मासळीला वास असतोच ना, मावशी?"

हसावं की रडावं कळेना. ज्याच्या घरात जन्मात मासळी शिरली नाही, त्याला चांगलं काय नि सडकं काय, कसं पटवायचं? त्यात नाक त्याने आधीच झाकलेलं. आईच्या टोपलीतल्या मालाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"साहेब, हा वास माझ्या मालाचा नाय," एवढंच ती म्हणाली.

"तुम्ही असंच म्हणणार. मी गाद्या-भांडी लिहितो, हे राहू दे." तो पेनाला टोपण लावू लागला.

तेवढ्यात काकी आत आल्या. आता या गोण्या ओढणार म्हणून मी आडवी आले. त्यांनी मला बाजूला सारलं.

"साहेब, आमची दोघींची भिंत एक. लगीन होऊन आले तवापासून हिच्या बोंबलाच्या वासात जेवतेय मी, कधी काय बोलले नाय. पाणी शिरलं तवापासून रोज भांडतेय. उगाच भांडतेय काय? आळीत विचारा. आणि माझं नाव लिहा."

तलाठ्याने बोलायला रुमाल खाली घेतला आणि लगेच पुन्हा वर नेला. मग टोपण काढलं. पंच म्हणून काकींनी सही केली. त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं: सुके बोंबील, सर्व गोण्या, पूर्ण सडलेले. पाणी शिरलं तेव्हा आई रडली नव्हती, ती हे ऐकून हमसून रडली.

तलाठी गेल्यावर काकींनी माझ्याकडे न बघताच एका गोणीचं टोक धरलं. मी दुसरं धरलं. दोघी ती फरफटत दाराकडे नेऊ लागलो, तशी आई रडता रडताच म्हणाली, "हळू गं, मोडतील."