पन्नास मीटर खोल, तेही जयपुरात

आता कुठून सुरू करू? चहा घ्या आधी. हसायचं तर खुशाल हसा, मला येत नाही हसू. मी जो गाढवपणा केला, तो छत्तीस वर्षं रेल्वेचे ब्रेक तपासलेला माणूसच करू शकतो.

आम्ही मूळचे भुसावळचे. बदली झाली तसे जयपूरला आलो, बनी पार्कात राहिलो. डब्यांचे हवेचे ब्रेक तपासायचे, हे माझं काम. पण सवय घरापर्यंत येतेच ना? न तपासता मी काही वापरत नाही. कुकरची शिट्टी तपासतो, गॅसची नळी तपासतो. तीन वर्षांपूर्वी सायलीनं, म्हणजे माझ्या एकुलत्या एक मुलीनं, लग्नासाठी मुलगा पसंत केला. मी तोही तपासला!

बँकेतून बोलतोय असं सांगून त्याच्या ऑफिसात फोन केला. पगार, सुट्ट्या, व्यसनं, सगळं विचारून घेतलं. मुलगा शंभर टक्के पास झाला हो! पण त्याच्या घरच्यांना कळलं, आणि लग्न मोडलं. सायली आदर्श नगरला खोली घेऊन राहायला गेली. तिची आई असती तर तिनं सांभाळलं असतं. ऑटोनं वीस मिनिटांचा रस्ता, पण तीन वर्षांत पोरगी घरी फिरकली नाही.

आणि यंदा अचानक तिचा फोन!

"बाबा, मी स्कूबा डायव्हिंग शिकलेय. अंदमानला चला माझ्याबरोबर, दोघंच. इथं पूलमध्ये शिकवतात, तुम्हीही शिकून घ्या."

"मी? या वयात?"

"डॉक्टरनं हो म्हटलं तर काय हरकत आहे? पण एक शर्त आहे. मतलब, पक्की शर्त. काहीही टेस्ट करायचं नाही. एकदा तरी विश्वास ठेवा."

फोन ठेवला आणि रडलो. तुमच्यापासून काय लपवायचं?

डॉक्टरनं पास केलं, पूलमध्ये शिकवणीही सुरू झाली. मग घ्यायचा होता डाइव्ह कॉम्प्युटर. घड्याळासारखं मनगटावर बांधायचं यंत्र. किती खोल गेलात, किती वेळ थांबायचं, किती हळू वर यायचं, सगळं ते सांगतं. खोलवरून एकदम वर आलात तर रक्तात बुडबुडे होतात आणि माणूस कामातून जातो.

सायली म्हणाली, "मोठ्या आकड्यांचं साधं घ्या. चूक झाली तर ओरडतं, पण सांभाळून घेतं."

सांभाळून घेणारं यंत्र काय कामाचं? दीड महिना मी तक्ते केले. बॅटरी घरी बदलता येते का, चष्म्याशिवाय आकडे दिसतात का, सगळं मांडलं. शेवटी सगळ्यात कडक यंत्र घेतलं. नियम मोडला की अठ्ठेचाळीस तास कुलूप! कुणाच्या बापाला उघडता येत नाही.

"अगदी तुमच्यासारखंच मिळालं," सायली म्हणाली. मला वाटलं, कौतुक करतेय.

अंदमानच्या विमानाला दोन दिवस उरले. दुसऱ्या दिवशी सकाळी पूलमध्ये शेवटची तालीम होती. यंत्र डब्यात होतं आणि माझे हात शिवशिवत होते. जीव ज्याच्या भरवशावर टाकायचा, ते न तपासता बांधू? गेलो रेल्वेच्या वर्कशॉपात! स्टीलच्या पेल्यात पाणी, पाण्यात यंत्र, आणि पेला तपासणीच्या लोखंडी भांड्यात. झाकण आवळून ब्रेकच्या नेहमीच्या दाबाची हवा भरली, पाच किलो. वीस मिनिटं दाबाचा काटा ढिम्म हलला नाही! मग सवयीनं खटकन हवा सोडली.

यंत्र लाल होऊन लुकलुकत होतं. मला वाटलं, पास झाल्याची खूण असेल. पुसून डब्यात ठेवलं.

सकाळी आमचे शिकवणारे विक्रमजी यंत्र बघतात तो त्यांचा चेहरा पांढराफटक.

"अंकल, ये क्या? पचास मीटर? बीस मिनट? और सीधे ऊपर?"

पाच किलो दाबाची हवा म्हणजे पन्नास मीटर पाणी, आणि खटकन हवा सोडली म्हणजे एकदम वर आलो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तालमीला आलेली सायली माझ्याकडे बघत होती.

"बाबा, तुम्ही टेस्ट तर नाही ना केलं?"

"छे छे! मी काल डाइव्ह मारली."

"कुठे?"

जयपुरात पन्नास मीटर पाणी कुठून आणू, सांगा! तोंडातून निघून गेलं, "एका बावडीत, जुनी पायऱ्यांची विहीर आहे."

झालं! विक्रमजींनी मला आडवं केलं आणि ऑक्सिजनचा मास्क चढवला. "घुटने दुखते हैं?" दुखतात की, दहा वर्षं झाली. "हाथ में झनझनाहट?" रोजचीच. "थकान?" अहो, साठीला आलोय! जेवढं विचारलं तेवढं सगळं मला होत होतं.

मला गाडीत घालून हॉस्पिटलला निघाले. सायलीनं माझा हात घट्ट धरला होता, रडत होती. "बाबा, मी बोलावलं म्हणून हे झालं." तीन वर्षांनी तिनं माझा हात धरला. सांगा, मास्क काढून खरं बोलायची हिंमत कुठून आणू?

डॉक्टरांना दाखवायला म्हणून तिनं यंत्राचं माहितीपत्रक शोधलं. डबा उघडला, आणि माझी चिठ्ठी हाती लागली. तपासलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर मी ठेवतोच. 'दाब पाच किलो. वेळ वीस मिनिटं. गळती नाही. ओके.' खाली माझी सही.

तिनं वाचली, पुन्हा वाचली. मग माझा हात सोडला आणि विक्रमजींना म्हणाली, "गाडी रोको, भैया. पापा बिल्कुल ठीक हैं."

अंदमानला ती एकटीच गेली. माझं यंत्र अठ्ठेचाळीस तासांनी आपोआप उघडलं, जसं काही घडलंच नव्हतं.

परवा, महिन्याभरानं, धीर करून तिला फोन लावला. चक्क उचलला हो तिनं!

"बोला."

इतकं बोलायचं होतं, माफी मागायची होती. घाबरून म्हणालो, "काही नाही गं, फोन लागतो का ते बघत होतो."

ती म्हणाली, "लागतो. ओके लिहा, खाली सही करा," आणि फोन ठेवला.