हार्ट्झच्या डोंगरात चिचिमेकांचा फास

डार्मश्टाटहून हार्ट्झच्या डोंगरात जायचं ठरलं ते माझ्या नातीच्या शाळेमुळे. तन्वी चौदा वर्षांची आहे. जुन्या मेक्सिकोतल्या लोकांवर वर्गात प्रत्येकाने वीस मिनिटं बोलायचं होतं. इथे त्याला रेफराट म्हणतात. चिठ्ठ्या टाकल्या. मोठमोठ्या देवळांवाले आणि राजवाड्यांवाले इतर मुलांना गेले आणि तन्वीला आले चिचिमेक. ती रडकुंडीला आली होती.

"आजोबा, त्यांचं काहीच नाहीये. टेम्पल नाही, पॅलेस नाही. नुसते फिरायचे!"

मी म्हटलं, "फिरायचे तर फिरायचे. त्यात रडायचं काय?"

मग तिने शोधून काढलं की हार्ट्झमधल्या एका लहानशा गावातल्या म्युझियममध्ये चिचिमेकांच्या वस्तूंचं एक कपाट आहे. त्या डोंगरात पूर्वी चांदीच्या खाणी होत्या. तिथले खाणीतले लोक पुढे मेक्सिकोच्या खाणींवर नोकरीला गेले आणि येताना काय काय घेऊन आले. मुलाला आणि सुनेला सुट्टी नव्हती. शेजारच्या घरी पुण्याहून देसाई सर आले होते, मुलीकडे तीन महिन्यांसाठी. निवृत्त मुख्याध्यापक, इंग्रजी फर्डं. ते म्हणाले, मी येतो. झालं, दोन म्हातारे आणि एक मुलगी अशी टोळी ठरली.

मला आठवडाभर झोप लागली नाही. गाडी चुकली तर? साखर कमी झाली तर? पोलिसाने विचारलं तर? पासपोर्ट, व्हिसा, विम्याचा कागद, सगळं मूळ प्रतीत, कापडी पिशवीत घालून मी बनियनच्या आत गळ्यात बांधलं. मुलगा म्हणाला, झेरॉक्स पुरे. मी ऐकलं नाही.

स्टेशनवर सोडायला आला तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं. "आप्पा, सर बरोबर आहेत. आपल्याकडच्या फार गोष्टी काढू नका."

त्याचा अर्थ मला कळला. वाचणाऱ्यालाही कळावा म्हणून इथेच सांगतो. आम्ही फासेपारधी. इंग्रजांनी आमच्या अख्ख्या जमातीला जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं. माझ्या वडिलांनी तारेच्या कुंपणात दिवसातून दोनदा हजेरी दिली. कायदा गेला, पण आमच्याकडे बघायची नजर काही गेली नाही. मी सातवीपर्यंत शिकलो, तीस वर्षं बस चालवली, मुलाला इंजिनिअर केलं. आडनाव पवार असल्यामुळे कोणी पुढे विचारत नाही आणि आम्हीही सांगत नाही. तन्वीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

प्रवासाचं सांगतो. डॉइचलँडटिकीट नावाचा महिन्याचा पास असेल तर वेगळं तिकीट लागत नाही, मात्र साध्या गाड्यांनीच जावं लागतं. डार्मश्टाट ते फ्रँकफर्ट, तिथून कासल, मग ग्योटिंगेन, मग गोस्लार, पुढे बस. सकाळी सातला निघालो ते दुपारी तीनला पोचलो. जलद गाडीने कमी वेळ लागतो, पण खिसा मोकळा होतो. म्हाताऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, स्टेशनवरच्या संडासाला सुटी नाणी लागतात आणि घाईच्या वेळी ती कधीच सापडत नाहीत. गाडीतच उरकून घ्यावं.

कासलच्या अलीकडे तिकीट तपासनीस आला. गणवेश दिसला की मी उभा राहतो. तेव्हाही राहिलो, पिशवी काढायला बनियनमध्ये हात घातला.

"आजोबा, बसा ना!" तन्वी लाजून म्हणाली. "फक्त मोबाइल दाखवायचा असतो."

तपासनीस हसून पुढे गेला. देसाई सर म्हणाले, "पवारसाहेब, तुम्ही तर राष्ट्रपती आल्यासारखे उठलात." मीही हसलो.

मग दशम्या आणि लसणाची चटणी काढली, आणि तन्वीने आपलं रेफराट वाचून दाखवलं. जर्मन वाचायची आणि आमच्यासाठी मोडक्या मराठीत सांगायची. उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या मुलखात हे लोक राहायचे. एक जमात नव्हे, अनेक. शिकार करायची, निवडुंगाची फळं आणि मेस्किट नावाच्या काटेरी झाडाच्या शेंगा खायच्या, पाणी असेल तिथे मुक्काम. धनुष्यबाणात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. चिचिमेक हे नाव त्यांचं नव्हेच, दक्षिणेकडच्या शेतीवाल्या शहरी लोकांनी सगळ्यांना मिळून दिलेलं. गंमत अशी की त्या शहरांतले काही राजे आमचे पूर्वज चिचिमेक होते म्हणून अभिमानाने सांगायचे, आणि जिवंत चिचिमेकाला मात्र रानटी म्हणायचे.

"मग स्पेनवाल्यांना चांदी सापडली," तन्वी म्हणाली. "चांदीचा रस्ता यांच्या रानातून गेला. यांनी गाड्या लुटल्या. त्यांनी यांना पकडून विकलं. चाळीस वर्षं युद्ध."

"हरले असतील शेवटी," देसाई सर म्हणाले.

"नाइन, नाही! स्पेनवालेच दमले. मग त्यांनी कपडे आणि मांस आणि मका देऊन तह केला. गेनाऊ, अगदी तेच, लाच दिली."

मला मनातून फार बरं वाटलं. एक दशमी तिच्या हातात दिली.

गाव छान आहे. उतरत्या छपरांची लाकडी घरं आणि काळसर झाडीचे डोंगर. खोली एका बाईंच्या घरगुती लॉजमध्ये घेतली होती, इथे त्याला पेन्शन म्हणतात, तिघांना नव्वद युरो, नाश्त्यासकट. संध्याकाळी बटाट्याचे कार्टोफेलपुफर खाल्ले. थालीपीठच म्हणा, वर सफरचंदाचा गोड लगदा. मी चटणी लावून खाल्ले. इथलं चीज मात्र दुरूनच बघा, वास फार.

दुसऱ्या दिवशी दहाला म्युझियम उघडलं. दाराशी म्हणाले, पिशव्या लॉकरमध्ये ठेवा. बनियनच्या आतली पिशवी कोणाला दिसत नव्हती, तरी मी घाबरून दाखवली. गाईड म्हणून फ्राऊ हेलर नावाच्या सत्तरीच्या बाई होत्या. त्या स्वखुशीने हे काम करतात. पहिले दोन मजले खाणीची अवजारं, दिवे, दगड. चिचिमेकांचं कपाट तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात. बाण, एक टोपली, कातड्याची पिशवी. वर पिवळी पडलेली पाटी. तन्वीने वाचली, "रानटी, उघडे, लुटारू भटके. चांदीच्या रस्त्यावरची दहशत."

फ्राऊ हेलर म्हणाल्या की पाटी फार जुनी आहे, बदलायची आहे, पण पैसे मिळत नाहीत. शब्द चुकीचे आहेत हे त्यांनी आपणहून कबूल केलं.

देसाई सर मागे हात बांधून उभे होते. ते तन्वीला समजावून सांगू लागले. वाईट हेतू नव्हता, आयुष्यभर मुलांना समजावून सांगितलेला माणूस. "म्हणजे बघ, आपल्याकडे पारधी असतात ना, तसे. रक्तातच चोरी. रानात राहायचं आणि वाटसरूला लुटायचं. काही जमातींचं तेच असतं बाळ."

तन्वीने विचारलं, "पारधी म्हणजे?"

मी कपाटाकडे बघत राहिलो. मुलाचं स्टेशनवरचं वाक्य कानात होतं. बघता बघता माझी नजर खालच्या खणात गेली. एक लांब दोरी पांढऱ्या कापडावर गोल मांडून ठेवली होती. दोरीला वीतभर अंतरावर केसांची वेटोळी, आणि मधूनमधून बोटाएवढ्या लाकडी काड्या. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते तन्वीला विचारलं.

"हाल्सश्मुक. गळ्यातला दागिना. बायकांचा."

"कोण म्हणतं?"

"इथे लिहिलंय."

"खोटं लिहिलंय," मी म्हणालो. आवाज मोठा झाला असावा, कारण फ्राऊ हेलर वळल्या. "त्यांना सांग, हा दागिना नाही. हा फास आहे. लाव्यांसाठी, तितरांसाठी. त्या काड्या म्हणजे खुंट्या. टोकं बघ, तासलेली आहेत. दागिन्याला कोणी टोक काढतं का? गळा फाटेल. आणि ती वेटोळी सरकगाठीची आहेत."

तन्वीने सांगितलं. बाईंनी चष्मा लावला, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "इंटरेसांट. पण सरकतात हे कशावरून?"

कपाट उघडता येईना. मग मी बाकावर बसून बुटाची नाडी काढली. खिशात टूथपिक होत्या, पेन्शनवाल्या बाईंच्या टेबलावरच्या. मिनिटभरात एक फास बांधला, टूथपिक तन्वीच्या मुठीत उभी धरायला लावली आणि माझं बोट पक्ष्याच्या पायासारखं आत टाकलं. पुढे ओढलं तशी नाडी आवळली. फ्राऊ हेलर म्हणाल्या, आणखी एकदा. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःचं बोट घातलं आणि अडकल्यावर लहान मुलीसारख्या ओरडल्या.

"अरे वा, पवारसाहेब," देसाई सर म्हणाले, "हे कुठे शिकलात?"

मी म्हणालो, "गावाकडे." चौऱ्याहत्तर वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण जर्मनीत कुठलीही गोष्ट कागदाशिवाय पुरी होत नाही. फ्राऊ हेलरनी खाली नेऊन एक फॉर्म समोर ठेवला. वस्तूबद्दल कोणाला काही माहिती असेल तर भरायचा. नाव, पत्ता, वस्तूचा क्रमांक, काय चूक आहे. शेवटचा रकाना तन्वीने वाचला, "ही माहिती तुम्हाला कशी आहे?"

पेन तिच्या हातात होतं. देसाई सर माझ्या खांद्यामागे उभे होते.  सरकारी वाटणारा कागद, वर माझं नाव, आणि जमात उघड करायला लावणारा रकाना. आमच्या घरात अशा कागदांनी फार वाटोळं केलंय. मी 'गावाकडे शिकलो' एवढंच लिहून टाकलं असतं तर कोणालाही पटलं असतं.

पण ते फास बांधणारे लोक डोळ्यांपुढून जाईनात. त्यांचं रान, त्यातून दुसऱ्याने काढलेला रस्ता, आणि लुटारू कोण तर हे. अन्न मिळवायचं हत्यार बायकांचा दागिना म्हणून मांडलंय आणि एकाही शहाण्याला कळलेलं नाही. कळलं ते मला. का कळलं, तेच तर कागद विचारत होता.

मी पेन घेतलं. जर्मन येत नाही, म्हणून मराठीत लिहिलं. मोठ्या अक्षरात. *मी फासेपारधी आहे. माझे वडील, आजोबा असेच फास लावत. मी नऊ वर्षांचा असताना वडिलांनी मला शिकवलं. आम्ही चोर नाही.* खाली सही केली.

"आता हे जर्मनमध्ये लिही," तन्वीला म्हणालो. "सगळं. शेवटचं वाक्यही."

तिने वाचलं. माझ्याकडे बघितलं, मग देसाई सरांकडे. "आजोबा, पारधी म्हणजे... आपण?"

"आपण."

तिने खाली मान घातली आणि लिहायला लागली. चार ओळींना तिला बराच वेळ लागला. देसाई सर बाहेर जाऊन उभे राहिले.

परतीच्या गाडीत ग्योटिंगेन मागे पडलं. मग सरांनी फुटाण्याची पुडी पुढे केली आणि म्हणाले, "मला आधी सांगितलं असतंत, तर मी तसं बोललो नसतो."

"मी नसतो तर बोलला असता ना, सर?"

 ते म्हणाले, "शाळेत दोन मुलं होती पारध्यांची. काही हरवलं की मी आधी त्यांची दप्तरं तपासायचो. सापडलं कधीच नाही." फुटाणे मी घेतले. माफी मागितली नाही त्यांनी आणि मीही मागून घेतली नाही.

तन्वी मात्र प्रश्नांवर प्रश्न विचारत होती. तारेचं कुंपण केवढं? हजेरीला लहान मुलंही? पपांना माहीत आहे? चिचिमेक आता आहेत का, हे मीच तिला उलट विचारलं. ती म्हणाली, आहेत. त्यांतली एक जमात मेक्सिकोत एका वस्तीत अजून राहते, आपली भाषा बोलते, स्वतःला उझा म्हणते. म्हटलं, हे रेफराटच्या सुरुवातीला घाल, शेवटी नको.

घरी आलो तर बातमी आधीच पोचली होती, तन्वीने गाडीतूनच मोबाइलवर कळवलं होतं. मुलगा फार चिडला. "काय गरज होती, आप्पा? तुम्ही ऑगस्टमध्ये परत जाल. आम्हाला इथल्या मराठी लोकांत राहायचंय. उद्या गणपतीला कोण काय बोलेल?"

त्याचं भय मला कळतं. मीच त्याला ते शिकवलंय, अभ्यासाबरोबर. म्हणून त्याला ओरडलो नाही. एवढंच म्हणालो, "बोलतील त्यांना आपल्या घरी जेवायला बोलव. मी आहे तोवर बोलव. मी उत्तर देतो."

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, बोलवा. मी करते स्वयंपाक."

महिना झाला. म्युझियमचं पत्र आलं. माहितीबद्दल आभार, वस्तू जाणकारांना दाखवू, तोपर्यंत चिठ्ठी आहे तशीच राहील. मला पटलेलं नाही. मी तन्वीकडून दुसरं पत्र लिहून घेतलंय, जाणकार मीच आहे म्हणून. तिसरंही लिहीन. तुमच्यापैकी कोणी हार्ट्झला गेलं तर गोस्लारचा जुना बाजार बघा, खाणीत उतरा, जाड स्वेटर न्या, आणि लहान म्युझियमांतल्या खालच्या खणांकडे वाकून बघा. आपल्या घरातलं काहीतरी तिथे चुकीच्या नावाने पडलेलं असू शकतं.

मुलाच्या ऑफिसातले लोक हा ब्लॉग वाचतात. तो म्हणाला, टाकण्याआधी विचार करा. तीन दिवस केला. रात्री उठून दोनदा ती फासेपारध्यांची ओळ खोडली आणि पुन्हा लिहिली. आज सकाळी तन्वीला विचारलं, कुठलं बटण दाबायचं. ती दाबायला पुढे झाली. म्हटलं थांब, मी दाबतो.