यमाचं कडवं

वारंगा फाट्यावर बसची वाट बघत मी खिचडी खात होतो. समोर बसलेला म्हातारा काहीतरी गुणगुणत होता आणि दोन्ही हातांनी हवेतच लुगड्याच्या निऱ्या घालत होता. मला हसू आलेलं त्यानं पाहिलं.

"गावोगावच्या संगीत नाटकांची गाणी लिहिली मी," तो म्हणाला. "बाईचं काम गडीच करायचा. त्याचं लुगडं नेसून होईस्तोवर पडद्यापुढं गाणं चालू पायजे. जेवढा येळ नेसायला, तेवढी कडवी."

तेवढ्यात मला त्याच्या तोंडातली ओळ ओळखू आली : 'यमा, जरा दमानं, तयारी न्हाई झाली.'

"हे तर आमच्याकडं दहाव्याला म्हणतात!" मी म्हणालो. "आजोबांच्या दहाव्याला अख्खं गाव रडलं होतं. तुमचं आहे हे?"

"व्हय. गाणं संपलं, अन् आत पदराची पिन सापडून नाही राहिली. पेटीवाला माझ्याकडं बघून राहिला. मंग विंगेतूनच हे कडवं जोडलं."

"ऐनवेळी इतकं गहन सुचलं?"

"गहन कशाचं? आतून तो गडी वरडून राहिला होता, तयारी न्हाई झाली म्हणून. मी फक्त यम घातला."

परवा शेजारच्या काकांच्या दहाव्याला तेच कडवं सुरू झालं. मी ओठ दाबून मान खाली घातली, पण खांदे काही थांबेनात. मागून एका मावशीनं पाठीवर हात ठेवला.

"रड लेकरा," ती म्हणाली, "आवरू नको."