गाण्यांवर भरलेले आवाज

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुण्यात इंजिनीअरिंग शिकणारा माझा भाऊ दिवाळीला आर्वीला आला आणि जाताना एक कॅसेट माझ्याकडे ठेवून गेला. परदेशी रॉक बँडची, मित्राकडून भरून घेतलेली. "सांभाळून ठेवजो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लावली, तर गाणं नव्हतंच. कुणीतरी जिना चढत होतं. मग दार आपटलं, मूल रडलं, एक माणूस उलटं उलटं बोलू लागला, त्यावर आगगाडी, त्यावर हसणं. चार-पाच मिनिटं हेच, मग गाणी. टेपचं हेड खराब झालं समजून बाबांनी ते स्पिरिटने पुसलं. पुन्हा तोच जिना; म्हणजे बँडनेच ते आवाज भरले होते.

"बंद कर वं ते," आई म्हणाली. "जीव घाबरा होऊन राह्यला माहा."

माझाही होत होता. तरी मी रोज तेवढंच ऐकायची. गाणी लागली की टेप मागे घ्यायची. त्या वर्षी माझ्यासाठी स्थळं पाहणं सुरू होतं आणि घरात बसवत नव्हतं. एक दिवस टेप पिशवीत घालून मी एसटी डेपोवर गेले आणि पहिल्या गाण्यावर तिथले आवाज भरले. मग कापसाच्या बाजारातले. एकदा पाहुणे बघायला आले, तेव्हा टेबलाखाली टेप आवाज भरत चालू ठेवला.

उन्हाळ्यात भावाने सगळ्यांसमोर कॅसेट लावली. जिना, दार, मूल झालं आणि पुलगाव गाडी लागल्याची घोषणा झाली.

"माही गाणी कुठं गेली?" तो ओरडला. पण टेप पुढे गेला होता. बघायला आलेल्या मुलाची आई विचारत होती, "शिवण येते का मुलीले?"

"सगळं येते जी तिले," बाबांचा आवाज. "नोकरीचं मनात नाई तिच्या."

बाबांनीच बटण दाबलं. "येवढा वेळ तू काहीच काऊन नाई बोलली?"

"मले कोणी विचारलंच नाई, बाबा."

पुढचा महिना तसाच गेला. मी पुस्तक घेऊन बसायची, उठायची, पोस्टमन दिसला की मुलाकडचं पत्र असेल या भीतीने आत जायची. भाऊ माझ्याशी धड बोलत नव्हता. शेवटी बाबांनी मुलाकडच्यांना एक पोस्टकार्ड लिहिलं आणि टाकायला मलाच दिलं. चौकात थांबून मी ते वाचलं. खुशालीच्या चार ओळींनंतर लिहिलं होतं, मुलीची इच्छा नाही.