तायडेला दिलेले सल्ले

ज्या ऑफिसात सल्ला फुकट मिळतो, तिथे किस्से साठवायला जागा पुरत नाही. आमचं जळगावचं ऑफिस त्यातलंच. ऐंशीच्या दशकाचा शेवट, ठिबक सिंचनाच्या नळ्या विकायचा धंदा, आणि ठिबक म्हणजे काय हेच लोकांना धड ठाऊक नव्हतं. स्कूटरवर नळीचं भेंडोळं टाकायचं, गावात जाऊन पारावर सभा घ्यायची आणि केळीवाल्यांना पटवायचं की थेंबाथेंबानेही बाग जगते. ज्याचं तोंड चाललं तो तरला. त्यामुळे आम्ही सगळेच एकमेकांना बोलायला शिकवत असू!

यातले निम्मे किस्से एकट्या भगवान तायडेचे. कृषी पदवीधर, कामाला वाघ. त्याच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांच्या बागांत मजुरी केली, आणि आता त्याच बागायतदारांना शेती समजावून सांगायला आपला मुलगा जातो याचं त्यांना फार अप्रूप. पण चार माणसं समोर बसली की तायडेची बोलती बंद.

पहिल्याच सभेत तो उठला, "नमस्कार शेतकरी बंधूंनो" म्हणाला, बराच वेळ आभाळाकडे बघत राहिला आणि "धन्यवाद" म्हणून खाली बसला. टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकं आटोपशीर भाषण गावाने कधी ऐकलं नव्हतं. सरपंचांनी तर शाळेच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून त्याचं तिथल्या तिथे नाव पक्कं केलं.

आमचे मॅनेजर खैरनारसाहेब मात्र हसले नाहीत. धुळ्याच्या शेतकरी मेळाव्यात तायडे बोलला तर फील्डवर राहील, नाहीतर गोडाऊनला जाईल, असं त्यांनी सांगून टाकलं. तायडेचा चेहरा उतरला. वडिलांना काय सांगायचं, एवढंच तो मला म्हणाला. मला फार वाईट वाटलं, आणि ऑफिस सल्ले द्यायला सरसावलं.

*

पहिला सल्ला चौधरीचा. भाषण पाठ कर, झोपेतही म्हणता आलं पाहिजे. तायडेने घोकून घोकून पाठ केलं आणि सावद्याकडच्या एका गावात अगदी झोकात सुरुवात केली. मध्येच कुणीतरी विचारलं की उंदीर नळी कुरतडतात त्याचं काय. झालं, गाडी रुळावरून घसरली. त्याला मधून सुरू करता येईना, म्हणून पुन्हा "नमस्कार शेतकरी बंधूंनो". पुढे दुसरी शंका आली, पुन्हा नमस्कार. शेवटी शेवटी तर त्याने तोंड उघडलं की सगळा पार हात जोडून उठत होता.

*

मग बोरसे पुढे आला. हा धुळ्याचा, बोलण्यात पटाईत. त्याचं म्हणणं, समोर माणसं बसलीत हे विसरायचं, केळीची झाडं आहेत असं समजायचं.

तायडेने तेही मनापासून केलं. पुढच्या सभेत तो एकेकाला निरखून बघू लागला, भाषण अर्ध्यावर सोडलं, तांब्या उचलला आणि थेट तिसऱ्या रांगेतल्या एका आबांना नेऊन पाणी पाजलं. आबांना खरोखरच उन्हाने भोवळ येत होती. जीव वाचवला म्हणून त्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिले. मी नंतर विचारलं, तुला कळलं कसं?

"ते झाड मरगळलेलं दिसलं," तायडे म्हणाला.

*

एवढ्यात खैरनारसाहेब पुण्याहून व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर करून आले. रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं आणि छाती पुढे काढून ओरडायचं, "मी जिंकणार!" साहेबांचा सल्ला म्हणजे हुकूमच. पिंप्राळ्यातल्या भाड्याच्या खोलीत तायडे रोज पहाटे गर्जू लागला. आठवडाभराने घरमालक नाना दोन भावांना घेऊन दारात हजर. आमच्या घरातली सगळी मतं तुम्हालाच, म्हणाले, पण निवडून आल्यावर आधी आपल्या गल्लीची गटार!

*

एकट्या विमलअक्कांनी घाईने सल्ला दिला नाही. अक्का आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या टायपिस्ट. हिवाळ्यात त्यांच्या भावाच्या शेतावर आमची भरीत पार्टी असायची. त्या वर्षी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, आणि बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, ती ठेचायला तायडे बसला.

ठेचता ठेचता गडी बोलायला लागला! वांगी कोणती घ्यावीत, काड्या कोणत्या, तेल कधी घालावं, सगळं खुसखुशीत रंगवून. अक्कांच्या आईने नळीचं विचारलं, तर मुसळीचा ठेका न चुकवता त्याने अख्खं ठिबक उलगडून सांगितलं. म्हातारी म्हणाली, "आते समजनं माले." आम्ही कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, पुरी हातात धरून बघतच राहिलो.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "भगवान, तुझे हात मोकळे राहिले की तोंड बंद होतं. हाताला काम दे."

आम्ही सगळ्यांनी आपापलं औषध त्याला पाजलं होतं. अक्कांनी आधी नाडी पाहिली. त्या दिवसापासून मी सल्ला देणाऱ्याला एकच विचारतो, तुम्ही मला काम करताना पाहिलंय का?

*

धुळ्याचा मेळावा देवपुरातल्या कॉलेजच्या मैदानावर भरला. मांडव खचाखच. अध्यक्ष म्हणून हेड ऑफिसचे मोठे साहेब सुटाबुटात आलेले. त्यांच्यासमोर खैरनारसाहेबही खुर्चीच्या कडेवर बसत. तायडे नळी, तोट्या आणि पाण्याची बादली घेऊन स्टेजवर चढला. पण माईकचा स्टँड मोडलेला, माईक हातातच धरायचा! एक हात अडकला, नळी जोडता येईना.

"नमस्कार शेतकरी बंधूंनो," तायडे म्हणाला आणि थांबला. खैरनारसाहेबांनी डोळे मिटले.

तायडेने इकडेतिकडे बघितलं. सगळ्यात जवळची खुर्ची मोठ्या साहेबांची. त्याने माईक त्यांच्या हातात दिला, "साहेब, जरा धरा," म्हणाला आणि नळी घेऊन खाली बसला.

मग जो सुटला तो सुटला! हात जोडत होते, तोंड बोलत होतं, मधूनच अहिराणी येत होती, मांडव हसत होता, शंका येत होत्या आणि उत्तरं मिळत होती. मागच्यांना दिसेना म्हणून तायडे नळी घेऊन सरळ लोकांत उतरला. माईकची वायर लांब होती. मोठे साहेब वाकून वाकून, त्याच्या तोंडासमोर माईक धरून, मागोमाग लोकांत उतरले.

शेवटच्या रांगेतल्या एका पागोटेवाल्या आबांनी मोठ्या साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाऊ, तू खाले बस, माले त्याना हात दिसत नई. पन माईक धरी ठेव."

मोठे साहेब सुटासकट मातीत बसले, आणि माईक वर धरून ठेवला.