पुरुष संपल्यावर

जॉर्डनमधल्या अजलूनच्या डोंगरातल्या आमच्या अँग्लिकन मंडळीत अफीफासारखं वाचणारं कुणी नव्हतं. तिचे वडील चर्चच्या शाळेत मास्तर. त्यांनी तिला गच्चीवर उभं करून पवित्र शास्त्र मोठ्यानं वाचायला शिकवलं होतं. तिचा एक स्वर इकडचा तिकडे व्हायचा नाही.

ती बत्तीस वर्षांची असताना नव्या पाळकसाहेबांनी पंचांपुढे विषय काढला, की रविवारचं वाचन अफीफानं करावं. पंच सगळे पुरुष. त्यांचा म्होरक्या अबू गालिब. तो म्हणाला, "आज वाचेल, उद्या वेदीवर चढेल. शेजारचे ऑर्थोडॉक्स पंथाचे लोक आपल्याला हसतील. बाईनं वेदीची वस्त्रं धुवावीत, पितळ घासावं."

त्या पंचांत अफीफाचा नवरा जिरियसही होता. तो गप्प बसला. घरी येऊन म्हणाला, "माझ्या हातात काय होतं?"

"हात तरी होता ना?" अफीफा म्हणाली. "तो वर करायचा होता."

त्यानंतर तीस वर्षं तिनं वस्त्रं धुतली, पितळ घासलं, उपासनेनंतर सगळ्यांना कॉफी दिली. जिरियस वारला. पोरं सिडनीला गेली. घरामागून घर गेलं. चाळीस कुटुंबांची मंडळी, उरलो आम्ही अकरा जण. त्यांत पुरुष म्हणजे अबू गालिब आणि दोन बहिरे म्हातारे. पाळकही आता इर्बिद शहराहून महिन्यातून दोनदा येतात.

गेल्या गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी अबू गालिब काठी टेकत अफीफाच्या दारात आला. मी तिची शेजारीण, तिथंच भाजी निवडत बसले होते.

"उम्म रामेज," त्यानं तिला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारली, "डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. उद्याचं वाचन तू कर."

"का? पुरुष संपले म्हणून?"

"झालं गेलं विसर ना, बाई. आपण ख्रिस्ती माणसं. क्षमा करावी."

"क्षमा केव्हाच केली, अबू गालिब. वाचणार मात्र नाही."

दुसऱ्या दिवशी तोच वाचनपीठावर चढला. पुस्तक नाकाला लावलं तरी दोन ओळींत अडकला. तेवढ्यात मागच्या बाकावरून अफीफानं पुढचा शब्द सांगितला. बसल्याजागी, पुस्तकाशिवाय. तो पुन्हा अडला, तिनं पुन्हा सांगितलं. अख्खा अध्याय असाच पार पडला. आम्ही मान वर केली नाही.

बाहेर दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी घेताना त्यानं विचारलं, "सगळं पाठ आहे तुला?"

"वस्त्रं धुताना तोंड रिकामंच असायचं."

त्यानं अर्धी कॉफी तशीच ठेवली. काठी उचलून घरची वाट धरली.

शरद ऋतूत त्याचा मुलगा त्याला डेट्रॉईटला घेऊन गेला. आता वाचन पाळकसाहेब स्वतःच करतात. त्यांनीही अफीफाला दोनदा विचारलं, ती दोनदा नको म्हणाली.

परवा वस्त्रं वाळत घालताना मी तिला म्हटलं, "खरं सांग, त्या दिवशी वर गेली नाहीस याचं वाईट वाटतं का?"

"रोज वाटतं," ती म्हणाली. "पण वर उभी राहिले असते ना, तर वाचलं नसतं गं. शिव्या दिल्या असत्या."