माझ्या फोनमधले तुमचे नंबर

माझ्या फोनमध्ये ज्यांचे नंबर आहेत, त्या सगळ्यांसाठी लिहितेय.

आज माधवनगरला ब्लाउज आणायला गेले. शिवणाऱ्या सुमनमावशींनी मशीन थांबवलं आणि हळूच म्हणाल्या, "आवं ताई, तुमच्या कर्जापायी कुणाचा तरी फोन आलता. लय घाण बोलत हुता. मी म्हटलं, मी न्हाई वळकत या बाईला."

मला मान वर करवेना. घाईत एका अ‍ॅपवरून कर्ज घेतलं होतं. अ‍ॅपनं फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी मागितली, मी न वाचताच दिली. हप्ता माझा थकला आणि शिव्या मावशींनी ऐकल्या.

सायबर पोलिसांत तक्रार करून आलेय. पैसेही फेडेन. पण तुमचे नंबर मी न विचारता दिले, त्याचं काय?

तुम्हालाही असा फोन आलाय का? माझी लाज राखायला गप्प बसू नका.